तापीकाठच्या मंडळ्या आणि त्यांचे एकत्र येणे

खानदेशातील प्रोटेस्टंट मंडळ्यांचा इतिहास लिहायचा म्हटले की आधी खानदेश कुठून कुठपर्यंत धरायचे, हे ठरवावे लागते. आज आपण जळगाव, धुळे आणि नंदुरबार असे तीन जिल्हे मोजतो. १९०६ पर्यंत मात्र हा सगळा मुलूख मिळून एकच जिल्हा होता आणि त्याचा कारभार धुळ्याहून चाले. त्या वर्षी पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. पूर्वेचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. नंदुरबार वेगळे झाले ते १ जुलै १९९८ रोजी, म्हणजे अगदी परवा. आपल्या मंडळ्यांची घडण या पहिल्या फाळणीवर बेतलेली आहे. जळगाव, भुसावळ, चाळीसगावकडची मंडळी एका मिशनची आणि नंदुरबार, नवापूरकडची दुसऱ्या, हे आजही ऐकू येते. कोण कोणत्या पंथाचा, हे बहुतेक घरांत कुणी विचार करून ठरवलेले नाही. आजोबा रुळाच्या कोणत्या बाजूला राहत होते, त्यावर ते ठरले.

हे असे व्हायला कारण होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशन संस्थांनी आपसांत मुलूख वाटून घेतले होते. एकीच्या क्षेत्रात दुसरीने पाय ठेवायचा नाही, असा अलिखित करार असे. त्यामागे चांगला हेतू होता. एका गावात दोन मिशनांनी माणसांसाठी ओढाताण करू नये, एवढेच त्यांना हवे होते. पण त्यामुळे एकाच नदीचे पाणी पिणारी माणसे वेगवेगळ्या झाडाखाली बसू लागली. त्यांना पुन्हा एकत्र बसवण्याचा खटाटोप हाच आपल्या मेळाव्यांचा खरा इतिहास आहे. आणि एकत्र बसून करायचे काय, हा प्रश्न तितकाच जुना आहे.

सुरुवात बुऱ्हाणपूरपासून करावी. आज ते मध्य प्रदेशात आहे, पण फारुकी सुलतानांपासून मोगलांपर्यंत खानदेशची राजधानी तीच. १८८१ च्या आरंभी अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे अमेरिकन दांपत्य तिथे येऊन राहिले. ते फ्री मेथडिस्ट पंथाचे. या पंथाची अमेरिकेत सुरुवातच अन्यायाविरुद्ध झाली होती. काळ्या माणसाची गुलामगिरी मोडली पाहिजे आणि देवळातल्या बैठका पैसे घेऊन श्रीमंतांना राखून ठेवता कामा नयेत, या दोन गोष्टींवर हट्ट धरून ती माणसे आपल्या मूळ चर्चमधून वेगळी झाली होती. वॉर्ड दांपत्य पुढे वऱ्हाडात गेले आणि त्यांच्या पंथाचे मोठे काम यवतमाळला उभे राहिले. तरी तापीच्या खोऱ्यात या परंपरेचा पहिला पाय पडला तो इथे.

पूर्व खानदेशात जे मिशन स्थिरावले ते अलायन्स. त्याचे संस्थापक ए. बी. सिम्प्सन हे न्यूयॉर्कमध्ये प्रेस्बिटेरियन पाळक होते. मंडळी सुखवस्तू, इमारत देखणी, पगार भरपूर. त्यांनी शहराच्या गरीब वस्तीत जाऊन इटलीहून आलेल्या मजुरांमध्ये प्रचार केला आणि शंभरेक माणसे विश्वासात आली. ही माणसे आपल्या मंडळीत घ्यावीत, असे त्यांनी सुचवले. मंडळीच्या वडिलांना ते रुचले नाही. या लोकांसाठी दुसरीकडे सोय पाहावी, असा सूर निघाला. सिम्प्सन यांनी १८८१ मध्ये ती जागा सोडली. पुढे १८८७ मध्ये त्यांनी ज्या दोन संघटना उभ्या केल्या, त्या १८९७ मध्ये एक होऊन ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स हे नाव रूढ झाले. जळगाव, भुसावळ, पाचोरा, चाळीसगाव या गावांत जे अलायन्स चर्च आपण पाहतो, त्याच्या मुळाशी ही घटना आहे. परप्रांतातून आलेल्या मजुराला शेजारी बसू द्यायचे की नाही, या वादातून जन्मलेला हा पंथ आहे. आपल्या तरुणांना सिम्प्सन यांची चतुर्विध सुवार्ता पाठ असते: ख्रिस्त तारणारा, पवित्र करणारा, बरे करणारा आणि पुन्हा येणारा राजा. ती पाठ असावीच. पण तिच्याआधी घडलेली ही गोष्टही शब्बाथ शाळेत सांगितली जावी.

या चारही गावांची नावे पुन्हा पाहा. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ हा ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मुख्य मार्ग आहे. रेल्वे १८६० च्या दशकात इथे आली आणि भुसावळला मोठे जंक्शन झाले. इंजिनाचे कारखाने, गार्ड, ड्रायव्हर, फिटर, गोव्याचे आणि अँग्लो-इंडियन कर्मचारी यांनी गाव भरून गेले. मिशनरी रेल्वेने उतरत आणि स्टेशनापासून बैलगाडीने खेड्यांत जात. १९०० च्या सुमारास चाळीसगाव-धुळे फाटा आणि तापी खोऱ्यातला सुरत-नंदुरबार-अमळनेर-जळगाव मार्ग सुरू झाला, तेव्हा पश्चिमेकडचा मुलूखही जोडला गेला. आपल्या कित्येक कुटुंबांत रेल्वेची नोकरी तीन-तीन पिढ्या चालली, त्याचे मूळ इथेच.

याच काळात छप्पनचा दुष्काळ पडला. १८९६-९७ चा दुष्काळ सरतो न सरतो तोच १८९९-१९०० चा आला. संवत १९५६ मध्ये आला म्हणून लोकांनी त्याला छप्पन्या म्हटले. सरकारी कामांवर खडी फोडायची आणि मोजून दाणे घ्यायचे, अशी सोय होती. पण लहान मुले, म्हातारी माणसे आणि डोंगरातले भिल्ल या मोजमापात नीट बसत नव्हते. अलायन्स मिशनने अकोल्याला मुलांसाठी आणि खामगावला मुलींसाठी अनाथाश्रम चालवले. मिशनच्या पहिल्या पिढीतले कितीतरी विश्वासणारे या आश्रमांतून आलेले होते. पोटासाठी धर्म बदलला, हा टोमणा त्यांना आयुष्यभर ऐकावा लागला. आजही तो ऐकावा लागतो. मला या टोमण्याचा राग येतो. ज्या मुलाला घरात कुणी उरले नव्हते, त्याला कुणीतरी जेवू घातले आणि मग लिहायला शिकवले, यात लाज वाटण्यासारखे काय आहे? लाज वाटायची तर ती ज्यांच्या कोठारात त्या सालीही धान्य होते, त्यांना वाटावी.

अकोल्याच्या मिशनमधील जेनी फुलर यांचे नाव इथे घेतलेच पाहिजे. त्यांचे पती मार्कस फुलर या मिशनच्या भारतातील कामाचे प्रमुख होते. जेनीबाईंनी हिंदुस्थानातील स्त्रियांवर होणाऱ्या अन्यायावर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले आणि ते १९०० मध्ये प्रसिद्ध झाले. बालविवाह, सक्तीचे वैधव्य, देवाला सोडलेल्या मुरळ्या असे विषय त्यात आहेत आणि प्रस्तावना पंडिता रमाबाईंची आहे. परदेशी बाईच्या लेखणीत जो वरचढपणा कधी कधी डोकावतो, तो या पुस्तकातही आढळतो आणि आजच्या वाचकाला तो खटकेल. पण दुष्काळात माणसे सांभाळण्याची धावपळ चालू असताना एखादी बाई बसून अन्यायाची कारणे मांडते, ही गोष्ट लहान नाही. भाकरी देणे आणि भाकरी का मिळत नाही हे विचारणे, ही दोन्ही कामे आपल्या मिशनच्या पहिल्या वीस वर्षांतच एका घरात चालत होती.

पश्चिम खानदेशची कहाणी निराळी आहे. फ्रेड्रिक फ्रान्सन हे स्वीडनमध्ये जन्मलेले आणि तरुणपणीच अमेरिकेत गेलेले सुवार्तिक. त्यांनी १८९० मध्ये शिकागोत स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन स्थापन केले. १९४९ मध्ये त्याचे नाव द इव्हँजेलिकल अलायन्स मिशन, म्हणजे आपल्या तोंडी असलेले ‘टीम’, असे झाले. याच टापूत स्वीडनहून आलेले स्वीडिश अलायन्स मिशनही काम करत होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ही मंडळी नंदुरबार, नवापूर अशा भागांत भिल्ल, मावची, कोकणी लोकांमध्ये राहू लागली. नंदुरबारचे एस. ए. मिशन हायस्कूल त्यांचीच खूण. या शाळेत शिकलेले शिक्षक, तलाठी, परिचारिका आज सर्व धर्मांत सापडतील.

या भागातले काम इतके खोल का रुजले, याची कारणे मला दोन वाटतात. एक म्हणजे मिशनऱ्यांनी लोकांची बोली शिकून घेतली. मावची बोलीत गाणी झाली आणि उपासना होऊ लागली; मराठी ही कचेरीची आणि सावकाराची भाषा होती, तिच्यात ऐकलेला देवही त्यांना परका वाटला असता. दुसरे कारण दवाखाना. नवापूर तालुक्यात चिंचपाडा स्टेशनजवळ १९४२ मध्ये ख्रिस्ती रुग्णालय सुरू झाले. १९७० मध्ये इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन ही भारतीय संस्था स्थापन झाली आणि पुढे ते तिच्याकडे आले. सर्पदंश, अडलेले बाळंतपण, क्षय, मलेरिया आणि या पट्ट्यातल्या आदिवासींमध्ये मोठ्या प्रमाणावर आढळणारा सिकलसेल आजार, हे त्या भागाचे दुखणे. रात्री झोळीत घालून आणलेल्या बाईला जात, धर्म, पैसे न विचारता आत घेणारे दार त्या मुलखात कोणते होते, हे जुन्या माणसांना कुणी सांगायला नको.

आता एकत्र येण्याची गोष्ट. वऱ्हाड आणि खानदेशात काम करणाऱ्या मिशनांनी मिळून बेरार-खानदेश ख्रिश्चन कॉन्फरन्स चालवली. अलायन्स, फ्री मेथडिस्ट, बुलढाणा-वाशीमकडचे नाझरीन, पश्चिम खानदेशातील स्कँडिनेव्हियन अशी वेगवेगळ्या वळणाची माणसे तिथे एका मेजाभोवती बसत. बाप्तिस्मा कसा द्यावा, यावर त्यांचे एकमत नव्हते. पण पाळक कसे तयार करावेत, यावर ते एकत्र येऊ शकले. यवतमाळच्या बायबल शाळेला या सहकार्याचा आधार मिळाला आणि १९५३ मध्ये तिथे युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली. १९८३ मध्ये ती पुण्याला बिबवेवाडीत गेली. देशभरातून विद्यार्थी येणाऱ्या या संस्थेच्या मुळांना खानदेशचेही पाणी आहे, हे आपल्याकडच्या पुष्कळांना ठाऊक नसते.

या परिषदेत मिशनऱ्यांचे वजन अधिक होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. ठराव इंग्रजीत होत आणि पैशाच्या किल्ल्या त्यांच्याकडे असत. गावोगावच्या मंडळ्यांचे मेळावे मात्र पहिल्यापासून आपले होते. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये मंडळ्यांच्या वार्षिक सभा फार आधीपासून भरत. कीर्तन, अभंगाच्या चालीवरची गीते, टाळ, मृदंग हे सगळे तिकडून इकडे आले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला जे वळण दिले, ते खानदेशात आजही गळ्यात आहे. टिळकांचे जळगावशी आणखी एक नाते आहे. १९०७ मध्ये जळगावला महाराष्ट्र कविसंमेलन भरले होते. धरणगावचा सोळा-सतरा वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोमरे तिथे कविता म्हणून गेला आणि ‘बालकवी’ झाला. टिळकांनी त्याला हेरले आणि पुढे तो नगरला त्यांच्या घरी मुलासारखा राहिला. धर्मांतर केलेल्या माणसाच्या घरात हिंदू घरातला मुलगा लाडाने वाढतो, आणि कुणी कुणाचा धर्म बदलत नाही. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी ‘स्मृतिचित्रे’त त्या घराची जी माणुसकी टिपली आहे, ती वाचल्यावर आपल्या मेळाव्यांचे दार किती रुंद असावे, हे कळते. टिळकांनी शेवटच्या काळात, १९१७ मध्ये, ‘देवाचा दरबार’ मांडला तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या दोघांसाठी.

मेळाव्यांत सर्वांत आवडता सण कापणीचा. तो कसा होतो, हे इथे नोंदवून ठेवतो, कारण शहरातल्या मंडळ्यांत आता पाकिटांवर भागते. भल्या सकाळी बाया टोपल्या घेऊन येतात. ज्वारीची कणसे, बाजरी, तुरीच्या शेंगा, भरताची हिरवी वांगी, केळीचा घड, लाल भोपळा, पाय बांधलेली कोंबडी, रुमालात गुंडाळलेली चार अंडी, सारे वेदीपुढे मांडतात. जिच्या घरी शेत नाही ती वर्षभर स्वयंपाकाआधी बाजूला काढलेल्या मूठ-मूठ दाण्यांची पिशवी आणते. प्रार्थना झाली की लिलाव. मंडळीचा एखादा मोठ्या आवाजाचा पंच भोपळा उचलतो आणि बोली सुरू होते. रेल्वेतला साहेब, शाळेतला गुरुजी, दुकानदार चढाओढीने बोलतात. दहा रुपयांचा भोपळा पाचशेला जातो, घेणारा तो पुन्हा मांडायला सांगतो आणि तोच भोपळा दुसऱ्यांदा विकला जातो. शेवटी तो जातो कुणाकडे? पुष्कळदा मंडळीतल्या एखाद्या विधवेच्या ओसरीवर. देणारीचे नाव मोठे होत नाही, घेणाऱ्याचे डोके खाली जात नाही. समाजातल्या विषमतेवर हा इलाज पुरेसा नाही, हे मीही जाणतो. पण विश्वास आणि न्याय यांचा मेळ आपल्या लोकांनी कुठल्याही परिषदेच्या ठरावाआधी कसा घातला, हे पाहायचे तर कापणीच्या सणाला यावे.

तरीही एक खडा सवाल आपल्यापुढे उभा आहे आणि तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विचारला आहे. ३१ जुलै १९३७ रोजी ते एका खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले होते आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले होते. दरवर्षी त्या दिवशी तिथे हजारो लोक जमतात, धुळेकरांना हे सांगायला नकोच. त्यानंतर पाचच महिन्यांनी, १ जानेवारी १९३८ ला, त्यांनी सोलापूरला ख्रिस्ती समाजापुढे भाषण केले. ‘जनता’ पत्रात ते पुढच्या महिन्यात छापून आले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांविषयीचा आदर त्यांनी मोकळेपणाने बोलून दाखवला. आणि मग स्पष्ट सांगितले: दक्षिणेत चर्चमध्येही जात पाळली जाते, ख्रिस्ती समाज राजकारणात मागे आहे, आणि समाज म्हणून तुम्ही अन्याय दूर करण्यासाठी कधी लढला नाहीत. शिकलात, नोकऱ्या मिळवल्यात, पण लढला नाहीत.

हे भाषण आपल्या पाळकांच्या प्रशिक्षणात असावे, असे मला वाटते. त्यात एक शब्द द्वेषाचा नाही आणि एक शब्द चुकीचाही नाही. खानदेशातल्या मंडळ्यांत महार, मांग, भिल्ल, मावची अशा सगळ्या घरांतून आलेली माणसे एका प्रभुभोजनाला बसतात, हे खरे. पण सोयरीक जुळवताना ‘आपल्यातले’ म्हणजे नेमके कोण, हे अजूनही हळू आवाजात विचारले जाते. मिशनऱ्यांनी जातीचे नाव काढले नाही म्हणजे जात गेली, असे आपण धरून चाललो. ती गेली नाही.

बाबासाहेबांच्या त्या भाषणानंतर बारा वर्षांनी जे झाले, त्याने त्यांचे म्हणणे आणखी ठसले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेर राहिले. एकाच वाड्यातले दोन सख्खे भाऊ, एक बौद्ध आणि एक ख्रिस्ती. गावाने दोघांनाही एकाच नजरेने पाहिले, पण एकाला अट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण आहे आणि दुसऱ्याला नाही. २००४ पासून हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आहे. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये हा परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला. नागपूरला मुख्यालय असलेली भारतातील चर्चेसची राष्ट्रीय परिषद हा प्रश्न सातत्याने मांडते आणि नोव्हेंबरमध्ये दलित मुक्ती रविवार पाळण्याचे आवाहन करते. आपल्या किती मंडळ्यांत तो पाळला जातो? आदिवासी बांधवांना अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावरून मिळत नाही, म्हणून तो धर्म बदलल्याने जात नाही. पण ख्रिस्ती झालेल्या आदिवासींना यादीतून वगळा, ही मागणी अलीकडे जोरात होते आहे. नवापूरच्या मंडळीचा प्रश्न आणि जळगावच्या मंडळीचा प्रश्न आता एका कागदावर आला आहे.

धुळे जिल्ह्याच्या इतिहासातले सर्वांत मोठे न्यायाचे आंदोलन मात्र मंडळ्यांच्या अंगणातून गेले आणि आपण खिडकीतून पाहत राहिलो. तेव्हा धुळे जिल्ह्यात असलेल्या शहाद्याच्या सुपीक पट्ट्यात आदिवासींच्या जमिनी सावकारी कागदांवरून गेल्या होत्या आणि मूळ मालकच त्या शेतात सालदार म्हणून राबत होता. वर्षाला ठरलेले दाणे, ठरलेले कपडे आणि न संपणारे कर्ज. २ मे १९७१ रोजी पाटीलवाडीत आदिवासींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर अंबरसिंग सुरतवंती, ज्यांना लोक अंबरसिंग महाराज म्हणत, आणि त्यांच्याभोवती जमलेले सर्वोदयी व तरुण डावे कार्यकर्ते यांनी लढा उभारला. १९७२ मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली. बायांनी दारूचे गुत्ते फोडले. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचे कायदे १९७४-७५ मध्ये झाले, त्यामागे अशा लढ्यांचा रेटा होता. अंबरसिंग १९७४ मध्ये अकालीच गेले. ते भजनातून लोकांशी बोलत. आपल्याकडे तर भजन होते, वाचता येणारी माणसे होती आणि पवित्र शास्त्रात नाबोथाच्या मळ्याची गोष्ट होती. राजाला शेजाऱ्याचा मळा हवासा झाला, खोटे साक्षीदार उभे करून त्याला मारले आणि जमीन घेतली. मग एलीया संदेष्टा त्याच मळ्यात जाऊन राजासमोर उभा राहिला. शहाद्यातल्या सालदाराला ही गोष्ट समजावून सांगावी लागली नसती. आपण ती वैयक्तिक लोभाविषयी म्हणून शिकवली आणि सातबाऱ्याकडे बोट दाखवले नाही.

याचे कारण काही अंशी आपल्या घडणीत होते. आपली मिशने इव्हँजेलिकल वळणाची. १९७० मध्ये नागपूरला सहा चर्चेस एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, त्यात अलायन्स आणि टीम नव्हते. सामाजिक प्रश्न म्हणजे उदारमतवाद्यांचे काम, आपले काम आत्मे वाचवणे, अशी वाटणी मनात पक्की झाली होती. जेनी फुलर यांच्या घरात जी वाटणी नव्हती, ती पुढच्या पिढ्यांनी केली. १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे जगभरचे इव्हँजेलिकल नेते जमले आणि सुवार्ता व समाजकार्य यांना परस्परविरोधी मानले याबद्दल त्यांनी लेखी पश्चात्ताप व्यक्त केला. १९७९ मध्ये मद्रासला भारतीय इव्हँजेलिकलांनी सामाजिक कृतीवर आपले घोषणापत्र काढले. तेव्हापासून आपल्या मेळाव्यांत हळूहळू विषय बदलू लागले. तकोवाचा गुराखी आमोस पुन्हा व्यासपीठावर आला. खोट्या मापांवर आणि गरिबाला जोड्याच्या किमतीत विकण्यावर तो जे बोलला, ते कापूस घेऊन बाजारात गेलेल्या आणि काट्यात मारल्या गेलेल्या शेतकऱ्याला थेट लागते.

आजचा प्रश्न कोणता, हे डोळ्यांसमोर आहे. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावे गेली, ती सर्व नंदुरबार जिल्ह्यातली. त्याआधी उकाई धरणाचे पाणी चढले होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसत्या जमिनीचा हक्क मान्य केला, पण दावे भरायला, नकाशे जोडायला, फेटाळले तर अपील करायला शिकलेला माणूस लागतो. तो माणूस आपल्या मंडळ्यांत आहे. निवृत्त गुरुजी आहेत, वकील आहेत, टंकलेखन येणाऱ्या मुली आहेत. जळगावच्या मंडळीने अक्कलकुव्याच्या पाड्यावर चार दिवस बसून दावे भरून द्यावेत, हे मेळाव्यातून निघणारे काम आहे आणि त्याला परदेशी निधी लागत नाही.

आणि ऊसतोड. धुळे-नंदुरबारच्या पाड्यांवरून आणि चाळीसगावच्या खेड्यांतून टोळ्या गुजरातच्या व पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांना जातात. मुकादम पावसाळ्यातच उचल देऊन ठेवतो, नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, आणि उचल फिटली नाही तर पुढच्या सालीही जावे लागते. सालदारी गेली म्हणतात, ती अशी फडावर जाऊन बसली आहे. या काळात कितीतरी मंडळ्यांचे बाक अर्धे रिकामे असतात. नाताळ फडावरच्या कोपीत होतो, मुलांची शाळा सुटते, बाळंतिणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून प्रवास करतात.

आपले बहुतेक मेळावे डिसेंबर-जानेवारीत किंवा मे महिन्यात भरतात. थंडी बरी असते, शाळांना सुट्टी असते, पाहुणे वक्ते मोकळे असतात. पण डिसेंबर-जानेवारीत ज्यांच्या न्यायाविषयी आपण बोलतो, ती माणसे फडावर असतात. यापुढे तिन्ही जिल्ह्यांचा एकत्र मेळावा ठरवताना तारीख नवरात्राच्या आसपास, टोळ्या निघण्यापूर्वी धरावी, आणि पहिल्या दिवशी व्यासपीठावर पाहुण्यांच्या आधी कोयत्याला जाणाऱ्या एका जोडप्याला बसवून उचलीचा हिशोब सर्वांसमोर वाचून घ्यावा, असा प्रस्ताव या स्मरणिकेच्या निमित्ताने मंडळ्यांच्या पंचांपुढे ठेवत आहे.